‘लोक’ म्हणजे आपणच

शेगावहून पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी औंढा नागनाथाकडून परभणी जिल्ह्यात येते आणि परभणी, दैठणा, गंगाखेड असा मार्ग आक्रमीत परळीकडे जाते. हा सोहळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्यातील शिस्तीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. शुभ्र वेशातील शेकडो वारकरी, खांद्यावर भगवी पताका, दोन ओळींतील सारखे अंतर, मृदंगाच्या ठेक्यावर पडणारे पाऊल. गावोगावचे लोक रस्त्यावर सडा घालतात, रांगोळ्या काढतात. ज्याच्या घरी पेरणीला बियाणे घ्यायचे पैसे नाहीत तोही वारकऱ्यांना पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहतो. त्या दिवशी मद्याचा गुत्ता चालविणाराही संकोचतो. हे कोणत्या कायद्याने घडते? कोणत्या शासन निर्णयाचा हा परिणाम? पोलीस असतात, पण ते वाहतुकीपुरते. माणसांना सांभाळते ती एक अदृश्य शक्ती. ‘आपल्याकडे असेच करतात’ या तीन शब्दांत ती सामावलेली आहे. तिलाच आपण संस्कृती म्हणतो आणि तिचा योग्य अभिमान बाळगतो.

परंतु याच जिल्ह्यात, याच रस्त्यांवर, पालखी येण्याच्या महिना-दीड महिना आधी आणखी एक सोहळा होऊन गेलेला असतो. चैत्र-वैशाखात मांडव पडतात, हळदी लागतात आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा नववी-दहावीच्या वर्गातील काही बाके रिकामी राहतात. हजेरीपटावरचे नाव काही दिवस ‘गैरहजर’ म्हणून चालते, मग ते गळून पडते. शिक्षकाला कारण माहीत असते. वर्गातील मुलींनाही माहीत असते. ग्रामपंचायतीला, अंगणवाडीला, पोलीस पाटलाला, साऱ्या गावाला माहीत असते. तिथेही कोणी आज्ञा दिलेली नसते; उलट कायद्याची आज्ञा नेमकी विरुद्ध असते. तरीही ते घडते, कारण ‘आपल्याकडे असेच करतात.’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाचव्या फेरीत 20 ते 24 वयोगटातील विवाहित-अविवाहित अशा सर्व तरुणींची माहिती घेतली गेली. त्यांपैकी किती जणींचा विवाह 18 वर्षे पूर्ण होण्याआधी झाला होता? संपूर्ण देशात 23 टक्क्यांच्या आसपास, महाराष्ट्रात 22 टक्क्यांच्या आसपास. आणि परभणी जिल्ह्यात? 48 टक्के. शंभरातील अठ्ठेचाळीस. राज्याच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. शेजारच्या बीडची स्थितीही याहून फार चांगली नव्हती. ज्या महाराष्ट्राने न्यायमूर्ती रानडे, आगरकर, जोतीराव-सावित्रीबाई, महर्षी कर्वे यांच्यासारखी माणसे दिली आणि ज्या गोदाकाठाला आपण संतभूमी म्हणून वंदन करतो, तेथील हा आकडा आहे. तो वाचून मान खाली जात नसेल तर आपल्या अभिमानाचे स्वरूपच तपासून पाहावे लागेल.

माणूस आपले वर्तन स्वतःच्या बुद्धीने ठरवितो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा इतरांकडे पाहून ठरवितो. कसे बसावे, कोणापुढे वाकावे, कोणत्या प्रसंगी रडावे, कोणत्या गोष्टीची लाज बाळगावी, हे सारे त्याला घरातून आणि गावातून मिळते. यात कमीपणा काही नाही. प्रत्येक पिढीने सारे काही मुळापासून शोधून काढायचे ठरविले तर समाज चालणारच नाही. अतिथीला उपाशी पाठवू नये, दिलेला शब्द पाळावा, म्हाताऱ्या आईबापांना टाकू नये, या गोष्टी युक्तिवादाने पटवून द्याव्या लागत नाहीत, हे समाजाचे संचित आहे. हे संचित जपण्यासाठीच आपले सारे कार्य चालते. परंतु जी वाट संस्कार वाहून आणते तीच रूढीही वाहून आणते. नदी गाळ आणते तशी ती केरकचराही आणते. संस्कार माणसाला अधिक मोठा करतो. रूढी त्याच्याकडून असे काही करवून घेते की जे त्याला मनातून नको असते. दोहोंचा वेश सारखा, भाषा सारखी, आणि समर्थनही सारखेच : ‘पूर्वापार चालत आले आहे.’ म्हणून त्यांतील भेद करण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.

रूढीचे बळ किती असते? उदाहरणासाठी दूर जायला नको. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या महादेव गोविंद रानडे यांची प्रथम पत्नी 1873 मध्ये निवर्तली. त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न झाले. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकविले, घरातील विरोध सोसून घडविले, आणि रमाबाईंनी सेवासदनाच्या रूपाने त्याची परतफेड समाजाला केली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण तो क्षण विसरता येत नाही. एवढा प्रज्ञावंत, एवढा निश्चयी माणूस घरच्यांच्या आणि समाजाच्या अपेक्षेपुढे उभा राहू शकला नाही. मग गंगाखेड किंवा जिंतूर तालुक्यातील चार एकर कोरडवाहू जमिनीचा धनी असलेला बाप एकटा कसा उभा राहील?

त्या बापाच्या मनात डोकावून पाहिले पाहिजे. त्याला खलनायक ठरविणे फार सोपे आहे. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शाळेसाठी पाच-सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जायचे. एस.टी.चा पास मुलींना विनामूल्य आहे, पण गाडी वेळेवर येईल याची शाश्वती नाही. वाटेत टवाळ पोरे उभी. उद्या काही बरे-वाईट झाले, नुसता कोणी शब्द जोडला, तरी बोल लागणार तो मुलीला; पोरांना कोणी विचारणार नाही. भावकीतल्या चौघांच्या मुली ‘उजवून’ झालेल्या. सोयरे विचारतात, ‘यंदा काय विचार आहे?’ वय वाढले की स्थळ येत नाही, शिकलेल्या मुलीला शिकलेला मुलगा पाहिजे आणि शिकलेल्या मुलाचा हुंडा झेपत नाही. यंदा सोयाबीनला भाव नाही, पुढच्या वर्षी पाऊस पडेल की नाही सांगता येत नाही. अशात एखादे स्थळ ‘नारळ आणि मुलगी द्या’ म्हणत दारात आले की बाप विचार करतो, एकदाची जबाबदारी संपली. साखरपुडा म्हणून माणसे बोलावली जातात आणि साखरपुड्यातच अक्षता पडतात. कोरोनाच्या काळात लग्नाला पन्नास माणसांचे बंधन होते. कमी खर्चात काम उरकते म्हणून अनेक घरांनी ती संधी साधली.

जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांत हे दरवर्षीचेच दृश्य. तोडीचा हिशेब माणसावर नसतो, ‘कोयत्या’वर असतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या तरुणाला कोयता पुरा होत नाही, म्हणून त्याचे लग्न लवकर होते. आणि आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी ठेवायची कोणाच्या भरवशावर? आजी म्हातारी, घराला धड कडी नाही. बरोबर न्यावे तर पालावर कसली सुरक्षितता? तिचे लग्न लावून देणे हा त्या कुटुंबाला संरक्षणाचा एकमेव मार्ग वाटतो. म्हणजे येथे दारिद्र्य, असुरक्षितता आणि रूढी यांची एकमेकींत वीण बसली आहे. केवळ दारिद्र्य म्हणावे तर याहून दरिद्री वस्त्यांत हे प्रमाण कमी का? आणि केवळ रूढी म्हणावे तर पोटाला दोन घास जास्त मिळू लागताच काही घरांतील मुली शाळेत का टिकतात? दोन्ही धागे एकत्रच उसवावे लागतील.

यात सर्वांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बहुतेक आईबापांना हे करायचे नसते. मुलीच्या आईला विचारून पाहावे. स्वतःच्या पंधराव्या वर्षीचे बाळंतपण तिच्या अंगावरून गेलेले असते. ती पदर डोळ्याला लावते आणि म्हणते, ‘पण लोक काय म्हणतील?’ शेजारणीला विचारावे, तीही तेच म्हणते. प्रत्येक घर दुसऱ्या घराला भिते. गावातील शंभर घरांपैकी सत्तर घरांना मनातून ही प्रथा नको असली, तरी ते सत्तरांनाही परस्परांविषयी ठाऊक नसते. असे हे भय कोणाच्याच मालकीचे नसते आणि तरी सर्वांवर राज्य करते.

या ‘लोकां’त आम्हीही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावी लग्नाला जाण्याचा योग आला. घर परिचयाचे, निमंत्रण आग्रहाचे. मंगलाष्टकांआधी नेहमीप्रमाणे ध्वनिक्षेपकावर मान्यवरांची नावे पुकारली गेली. शाल, फेटे, सत्कार झाले. आम्हीही फेटा बांधून घेतला. मग वधू आली. मुंडावळ्यांआडचा तो चेहरा पाहून शेजारच्या शिक्षकाला हळूच विचारले. तो म्हणाला, ‘नववीत होती.’ पुढे तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. अक्षता टाकल्या, पंगतीत बसून जेवलो आणि परत आलो. आमच्या पत्रकारितेच्या तीसएक वर्षांत आम्ही समाजप्रबोधनावर किती स्तंभ लिहिले याची गणती नाही. त्या दिवशी एक वाक्य बोलण्याची गरज होती आणि ते बोलता आले नाही. आम्ही तेव्हा स्वतःला सांगितले की गाव दुखावेल, संबंध तुटतील, उद्या काम कसे करायचे. म्हणजे त्या बापाचेच वाक्य आम्ही जरा शुद्ध भाषेत उच्चारले.

कायद्याने हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी इतिहास पाहावा. संमतिवयाचा कायदा 1891 मध्ये झाला आणि त्याने ते वय दहावरून बारावर आणले. लोकमान्य टिळकांनी त्याला विरोध केला तो परकीय सत्तेने समाजजीवनात हात घालू नये या भूमिकेतून. त्यांच्यावर टीका करताना एक गोष्ट हटकून विसरली जाते. त्याआधी 1890 मध्ये त्यांनी सुधारकांपुढे प्रतिप्रस्ताव ठेवला होता : मुलीचा विवाह सोळा वर्षांआधी आणि मुलाचा वीस वर्षांआधी करू नये, हुंडा घेऊ नये, आणि ही बंधने जे सह्या करतील त्यांनी प्रथम स्वतःवर लादून घ्यावीत. कायदा ज्या बारा वर्षांसाठी भांडत होता, त्याहून हे चार वर्षे पुढचे होते. दुर्दैव असे की कायद्यावरचा वाद गाजला आणि सह्यांची ती प्रतिज्ञा मागे पडली. समाजाने सरकारला ‘तुम्ही यात पडू नका’ असे सांगितले, पण ‘आम्ही करतो’ म्हणून जे सांगायला हवे होते ते करून दाखविले नाही. ते कर्ज आजही आपल्या खात्यावर आहे.

पुढे हरविलास सारडा यांच्या प्रयत्नांतून 1929 चा कायदा झाला, तो आपल्याकडे शारदा कायदा म्हणून ओळखला गेला. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा. तो 1 एप्रिल 1930 पासून अमलात यायचा होता. त्याआधीच्या सहा महिन्यांत देशभर काय झाले? लग्नांची घाई उडाली. पाळण्यातली मुले बोहल्यावर चढविली गेली आणि 1931 च्या जनगणनेत त्याचे ठसे उमटले. कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या टाचेखाली होता. स्वातंत्र्यानंतर 1978 मध्ये वयोमर्यादा मुलीला अठरा व मुलाला एकवीस झाली. नंतर 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा आला. तो पुष्कळ कडक आहे. विवाह ठरविणारे, लावणारे, त्याला उत्तेजन देणारे, एवढेच नव्हे तर त्यात सहभागी होणारेही शिक्षेस पात्र ठरतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. ज्या मुलीचा असा विवाह झाला तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तो रद्द करून घेता येतो. ग्रामसेवकाकडे प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी आहे आणि 1098 या क्रमांकावर कोणालाही कळविता येते. आसाम सरकारने 2023 मध्ये हजारो अटका करून कायद्याचा धाकही दाखवून दिला. धाक हवाच. पण ज्या गावात ग्रामसेवकाला स्वतःलाच पंगतीचे आमंत्रण असते तेथे कायदा मांडवाच्या दाराशी थबकतो. वर्तन बदलण्यासाठी त्या गावाचे मन बदलले पाहिजे.

आता आपल्या मंडळींत नेहमी ऐकू येणारी तीन समर्थने पाहू. पहिले असे की बालविवाह हा आपला मूळ आचार नव्हे, परकीय आक्रमणांच्या काळात लेकी-सुनांच्या रक्षणासाठी तो आला. वेदवाङ्मयात ब्रह्मचर्य पाळून विद्या घेतलेल्या कन्येने तरुण पती मिळवावा असा विचार येतो, हे खरे. सुश्रुताने तर सोळा वर्षांखालील स्त्रीला गर्भ राहिल्यास तो नष्ट होतो किंवा जन्मलेले मूल दुर्बळ निपजते, असा वैद्यकीय इशारा स्पष्ट देऊन ठेवला आहे. दुसऱ्या बाजूला स्मृतींत लवकर विवाहाची वचनेही सापडतात, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आणि आक्रमणांनी ही प्रथा घट्ट केली असे क्षणभर धरून चालले, तरी मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाला. रझाकार गेले त्याला पाऊणशे वर्षे लोटली. आज परभणीच्या बापाला भीती वाटते ती बसथांब्यावरच्या आपल्याच गावातील पोरांची. आपत्कालातील आचार आपत्काल सरल्यावर सोडून द्यावा, हेच धर्मशास्त्राचेही सांगणे आहे.

दुसरे समर्थन असे की जिजाऊमाता, पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांचेही विवाह लहान वयात झाले, त्यांचे काय बिघडले? अहिल्यादेवींचा विवाह 1733 मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी झाला, हे खरे. त्या काळी राजघराण्यापासून झोपडीपर्यंत तोच आचार होता. पण अहिल्यादेवी थोर झाल्या त्या आठव्या वर्षी लग्न झाले म्हणून नव्हे. मल्हाररावांनी सुनेतील तेज ओळखले, तिला राज्यकारभारात घेतले, तिच्या हाती विश्वासाने जबाबदाऱ्या सोपविल्या आणि तिच्या कर्तृत्वाने त्याचे सोने केले. ज्यांना अहिल्यादेवींचा दाखला द्यायचा आहे त्यांनी आपल्या घरातील मुलीच्या हाती आधी काय दिले ते सांगावे. विळा-कोयता देऊन अहिल्यादेवी घडत नाहीत.

तिसरे समर्थन आपल्या चर्चांत हमखास येते : ‘आम्हालाच का सांगता? त्यांच्या व्यक्तिगत कायद्याचे काय?’ प्रश्न गैरलागू नाही. लहान मुलीच्या शरीराचे आणि भवितव्याचे रक्षण तिच्या बापाच्या पंथावर अवलंबून असू नये. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 च्या निकालात बालविवाह रोखण्यासाठी विस्तृत निर्देश दिले, मात्र व्यक्तिगत कायद्यांशी येणाऱ्या संबंधाचा प्रश्न संसदेच्या विचारकक्षेतील म्हणून निकाली काढला नाही. संसदेने तो निःसंदिग्धपणे सोडविला पाहिजे आणि समान नागरी कायद्याची आपली मागणी त्यासाठीही आहे. परंतु परभणीतील अठ्ठेचाळीस टक्क्यांचा भार दुसऱ्याच्या दारात ठेवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. यातील बहुसंख्य मुली आपल्याच घरातील आहेत. सर्वांना समान कायदा हवा म्हणणाऱ्याने आपल्याला आधीच लागू असलेला कायदा पाळून दाखविला, तर त्या मागणीला नैतिक धार येईल.

आपल्याकडील काही पुरोगामी मंडळींचे निदान याच्या नेमके उलटे असते. त्यांच्या मते दोष संस्कृतीतच आहे; परंपरेचा गळा घोटला की मुली मुक्त होतील. दूरचित्रवाणीवरील चर्चेत हे वाक्य टाळी घेते, पण गावात त्याचा उपयोग शून्य असतो. ज्या माणसाला तुम्ही त्याचा देव, त्याची वारी, त्याचा मांडव, सारे टाकाऊ आहे असे सांगता, तो तुमचे पुढचे वाक्य ऐकायला थांबत नाही. समाज आपला दोष मान्य करतो तो आपल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर. महाराष्ट्रातील प्रबोधनाची सर्वांत खोल गेलेली धारा कीर्तनाच्या फडातून गेली. गाडगेबाबांनी ‘गोपाला गोपाला’च्या गजरात कर्ज काढून लग्न करणाऱ्याला, नवसाला बोकड कापणाऱ्याला जे सुनावले ते एखाद्या परिसंवादात कोणी ऐकून घेतले नसते.

रूढी मोडते कशी, याचे एक उदाहरण चीनचे आहे. तेथे मुलींची पावले लहानपणीच घट्ट बांधून मोडण्याची प्रथा शतकानुशतके होती. आयांना त्या वेदना ठाऊक होत्या; तरी लहान पावलांखेरीज लग्न जमत नाही म्हणून त्या स्वतःच्या लेकींची पावले बांधीत. राजाज्ञांनी ती थांबली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे मंडळे निघाली. त्यांत सामील होणारी कुटुंबे दोन शपथा घेत : आपल्या मुलीची पावले बांधणार नाही, आणि आपल्या मुलाला बांधलेल्या पावलांची वधू करणार नाही. या दुसऱ्या शपथेत सारी किल्ली होती. तिने मुलीच्या बापाची भीती काढून घेतली. शतकांची प्रथा मग एक-दोन पिढ्यांत ओसरली.

आणि आपल्याच राज्यातील उदाहरण पाहावे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे आमच्या गावात होणार नाही. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. हेरवाडने कोणाला नास्तिक केले नाही, की कोणाची श्रद्धा मोडली नाही. जे प्रत्येकाच्या मनात होते ते गावाने एकत्र बसून उघड म्हटले. एकदा सर्वांनी उघड म्हटले की ‘लोक काय म्हणतील?’ या प्रश्नाचे उत्तर बदलते.

लोकमान्यांच्या मागे पडलेल्या प्रतिज्ञेचा धागा येथे पुन्हा उचलता येईल. संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचा जो विषय समाजापुढे आला, त्यात कुटुंब प्रबोधन आहे, सामाजिक समरसता आहे आणि नागरिक कर्तव्यही आहे. परभणी जिल्ह्यात या तिन्हींचा अर्थ एकाच प्रश्नात सापडतो. ज्या गावात शाखा आहे, सेवाकार्य आहे, निदान चार समविचारी घरे आहेत, तेथून आरंभ करावा. प्रथम आपल्या घरापुरती प्रतिज्ञा : मुलीचे लग्न अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज आणि तिच्या इच्छेखेरीज करणार नाही, आणि मुलासाठी अठरा पूर्ण न झालेली सून आणणार नाही, हुंडा घेणार नाही. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण मुलाच्या बापाला समाजात वरचा हात असतो आणि बदल वरच्या हाताने सुरू केला तर तो लवकर रुजतो. ही प्रतिज्ञा चार भिंतींत न ठेवता ग्रामसभेत, हनुमान जयंतीच्या पारावर, सर्वांसमक्ष घ्यावी.

दुसरे, लग्नपत्रिकेत आपले नाव छापू द्यायचे, सत्काराचा फेटा बांधून घ्यायचा, तर वधूचा जन्मदाखला पाहिल्याखेरीज नाही, एवढा नियम प्रत्येक कार्यकर्त्याने, शिक्षकाने, सरपंचाने पाळावा. मान्यवरांवाचून मांडव सुना दिसतो, हे यजमानाला चांगले कळते. पुरोहितांनी पंचांग उघडण्याआधी दाखला मागावा. मुहूर्त शुद्ध असून वधू अल्पवयीन असेल तर त्या संस्काराला संस्कार कसे म्हणावे? मंडपवाले, आचारी, वाजंत्री, पत्रिका छापणारे यांनाही कायदा समजावून सांगावा. पोट त्यांचे आहे, तसा धोकाही त्यांचाच आहे.

तिसरे, अखंड हरिनाम सप्ताह हे मराठवाड्याच्या गावाचे सर्वांत मोठे व्यासपीठ आहे. तेथे सर्व जातींची माणसे एका मांडवात बसतात. सात दिवसांतील एक कीर्तन या विषयाला द्यावे, अशी विनंती कीर्तनकार महाराजांना करावी. त्यांचा एक शब्द शंभर भित्तिपत्रकांवर भारी आहे.

चौथे, आणि याविना वरचे सारे शब्दच राहतील : मुलीला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी गावाने उचलली पाहिजे. ऊसतोडीच्या काळात हंगामी वसतिगृहे आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासनाची वसतिगृह योजना आहे. त्या कागदावर किती आणि जमिनीवर किती, हे पाहण्याचे काम स्थानिक कार्यकर्त्यांचे आहे. जेथे ती पोचत नाहीत तेथे गावातील दोन-चार सुस्थित घरांनी प्रत्येकी एक-दोन मुलींना सहा महिने सांभाळणे अशक्य आहे काय? शाळेच्या वाटेवरच्या टवाळखोरांना वठणीवर आणण्याचे काम गावच्या तरुणांचे. ज्यांच्या हाती दंड आहे त्यांनी आपल्या बहिणींची वाट निर्भय करावी. याहून मोठे शौर्य सध्या तरी आमच्या डोळ्यांपुढे नाही. बारावीनंतरच्या व्यावसायिक शिक्षणात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना 2024-25 पासून शुल्कमाफी आहे. पण जिची शाळा नववीत संपली तिला तिचा काय उपयोग?

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरा सांगते की लहानपणीच आईबापांनी तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवले. पोरकी, कुळ-पैसा नसलेली, दळण-कांडण करणारी ती मुलगी. तिच्या काळच्या रूढीप्रमाणे तिचे नाव कोणाला आठवण्याचे काहीच कारण नव्हते. पण त्या घराने तिला नामाच्या संगतीत वाढू दिले आणि संप्रदायाने तिचे शब्द ज्ञानोबा-नामदेवांच्या शब्दांशेजारी ठेवले. सातशे वर्षे झाली, जात्यावर बसलेल्या बाया तिच्या ओव्या गातात. एका दासीला वाढायला अवसर दिला तर समाजाला काय मिळते, ते तिच्या गावाहून अधिक कोणाला ठाऊक असावे?

पुढच्या ज्येष्ठात शेगावची पालखी पुन्हा गोदावरी ओलांडील. दुतर्फा लोक उभे राहतील, त्यांत शाळेच्या गणवेशातील मुलीही असतील. त्यांच्यापैकी किती जणी त्याच्या पुढच्या वर्षीही गणवेशातच उभ्या असतील, याचा निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत होणार नाही. तो येत्या लग्नसराईत, तुमच्या-आमच्या घरी आलेल्या पत्रिकेवर होईल. पत्रिका हाती आली की वधूचे वय विचारावे. एवढे विचारण्याचे धैर्य आम्हाला त्या दिवशी झाले नाही. वाचकांना व्हावे आणि त्यांच्याबरोबर आम्हालाही.